न हलणारा व्होल्ट

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतला कुठलाही रासायनिक कारखाना घ्या. रिअॅक्टरवर तापमानाचा ट्रान्समीटर बसवलेला असतो आणि त्याच्यापासून दोन तारा कंट्रोल रूमपर्यंत गेलेल्या असतात. तापमान त्या तारांमधून प्रवाहाच्या रूपात जातं. कमीत कमी ४ मिलिअँपिअर, जास्तीत जास्त २०. ट्रान्समीटर ० ते २०० अंशांसाठी लावलेला असेल, तर ४ म्हणजे शून्य अंश, १२ म्हणजे शंभर आणि २० म्हणजे दोनशे. कंट्रोल रूममध्ये हा प्रवाह २५० ओहमच्या रेझिस्टरमधून नेला की १ ते ५ व्होल्ट मिळतात आणि त्यावरून कंट्रोलर वाफेचा व्हॉल्व्ह उघडतो किंवा मिटतो. शून्य अंशालाही ४ मिलिअँपिअर चालू ठेवण्यामागे चांगला विचार आहे. तार तुटली तर प्रवाह थेट शून्यावर येतो, त्यामुळे तुटलेली तार आणि गार पडलेला रिअॅक्टर यांची गल्लत होत नाही. आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केलेल्या मुलामुलींना हे सगळं तोंडपाठ असतं.

पण ट्रान्समीटर १२ मिलिअँपिअर सोडतो तेव्हा ते बाराच आहेत, हे त्याला कशावरून कळतं? त्याच्या सर्किटमध्ये एक छोटा भाग असा असतो की त्याचं काम फक्त एक व्होल्टेज धरून ठेवणं. सप्लाय २४ व्होल्टचा २२ झाला, शेड तापली, वर्ष उलटलं, तरी या भागाने आपलं व्होल्टेज सोडायचं नाही. बाकीचं सर्किट आपला प्रत्येक आकडा याच्याशी ताडून पाहतं. याला व्होल्टेज रेफरन्स म्हणतात. याच्याच आधाराने एक पक्का रेझिस्टर जोडून ठरावीक प्रवाह तयार केला की तो झाला करंट रेफरन्स. व्होल्टेजला व्होल्टेजशी ताडणं सोपं असतं, प्रवाह मात्र बहुतेक वेळा व्होल्टेज आणि रेझिस्टर या दोघांच्या भरवशावर उभा करावा लागतो. दोघांपैकी एक जरी हलला तरी प्रवाह हलतो.

रेफरन्सची खरी कसोटी लागते ती रॉकेट आणि क्षेपणास्त्रांच्या मार्गदर्शन यंत्रणेत. संरक्षण खात्याची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा अंबरनाथला आहे, आयुधनिर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीही इथेच आहेत. मार्गदर्शनाची मुख्य कामं मात्र हैदराबादच्या रिसर्च सेंटर इमारतमध्ये आणि इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या जडत्वीय प्रणाली केंद्रात चालतात. तरीही अंबरनाथच्या ट्रान्समीटरमधला प्रश्न आणि तिथल्या यंत्रणेतला प्रश्न मुळात एकच आहे. फरक आहे तो किती हललं तर चालेल याचा.

उल्हासनगरच्या कॅम्पातल्या कुठल्याही किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याला चांगला रेफरन्स लागतच नाही. पारड्याखालच्या लोड सेलवर चार स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात आणि ते पुलासारखे, म्हणजे ब्रिज पद्धतीने, जोडलेले असतात. ब्रिजला ५ व्होल्ट दिले की पूर्ण वजनाला काही मिलिव्होल्टचा सिग्नल मिळतो. तो मोजणाऱ्या चिपला रेफरन्स म्हणून तेच ५ व्होल्ट दिलेले असतात. बॅटरी उतरून पाचाचे ४.९ झाले तर सिग्नल कमी होतो, मोजणारी पट्टीही तेवढीच आखूड होते आणि गुणोत्तर जागच्या जागी राहतं. ग्राहकाला किलोभर साखर किलोभरच मिळते. इलेक्ट्रॉनिक्समधली ही युक्ती मला फार आवडते. अचूक वस्तू विकत घेण्याऐवजी सर्किटची रचनाच अशी करायची की चूक दोन्हीकडे सारखी येऊन कटून जावी.

रॉकेटमध्ये ही पळवाट मिळत नाही. तिथला त्वरणमापक साधारण असा असतो. एका बारीक बिजागरीवर छोटंसं वस्तुमान टांगलेलं असतं. रॉकेटला धक्का बसला की ते मागे राहायला बघतं. ते जरा सरकताच सेन्सर ओळखतो आणि चुंबकाच्या क्षेत्रातल्या गुंडाळीत इतका प्रवाह सोडला जातो की वस्तुमान परत मधोमध येऊन थांबतं. त्याला जागेवर धरून ठेवायला जेवढा प्रवाह लागला, तेवढं त्वरण. हा प्रवाह रेझिस्टरमधून नेऊन येणारं व्होल्टेज रेफरन्सशी ताडायचं आणि संगणकाला आकडा द्यायचा. संगणक त्वरणाची बेरीज करत वेग काढतो आणि वेगाची बेरीज करत जागा काढतो. इथे एका बाजूला खरंखुरं बल आहे, दुसऱ्या बाजूला रेफरन्स. रेफरन्स हलला तर बल त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून काहीच कटत नाही. रेफरन्स खाली आला की संगणकाला त्वरण जास्त दिसतं आणि तो इंजिन लवकर बंद करतो. बाहेर पाहून चूक सुधारायची सोयही नेहमी नसते. उपग्रहांचे सिग्नल घेता येतात, पण ते जाम करता येतात, त्यामुळे संरक्षणाच्या यंत्रणा निव्वळ त्यांच्यावर विसंबत नाहीत.

आकड्यांत पाहू. या धंद्यात पीपीएम हे माप चालतं, म्हणजे दहा लाखांत एक भाग. समजा ७.२ व्होल्टचा रेफरन्स १०० पीपीएमने खाली आला. ७.२ चे ७.१९९३ व्होल्ट झाले. साध्या साडेतीन अंकी मल्टिमीटरला हा फरक दिसणारसुद्धा नाही, कारण २० व्होल्टच्या रेंजवर तो १० मिलिव्होल्टच्या पायरीने मोजतो. अंबरनाथच्या रिअॅक्टरवर याचा परिणाम म्हणजे दोनशे अंशांत दोन शतांश अंश, त्याची दखल घ्यायचंही कारण नाही. आता उपग्रह ५०० किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेत सोडायचा आहे असं धरा. तिथला वेग सेकंदाला ७.६ किलोमीटर. त्यात १०० पीपीएमची चूक म्हणजे सेकंदाला पाऊण मीटर. तेवढ्याने पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला कक्षेची उंची पावणेतीन किलोमीटरच्या आसपास चुकते. वर ही फक्त एका भागाची चूक आहे. चुंबक तापला की त्याचं क्षेत्र घटतं, रेझिस्टर हलतो, बिजागरीतही थोडा ताण राहतो. डिझाइन करणाऱ्याला प्रत्येकाच्या वाट्याची चूक आधीच वाटून द्यावी लागते आणि रेफरन्सच्या वाट्याला फार थोडी येते.

प्रवाहाने वेग मोजायची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या व्ही-२ अस्त्रासाठी इंजिन बंद करण्याचा क्षण ठरवायचे दोन मार्ग तयार झाले. एक जायरोस्कोपवर चालणारा आणि दुसरा रसायनशास्त्राचा. दुसरा मार्ग डार्मस्टाटच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी शोधला. त्यात त्वरणाच्या प्रमाणातला प्रवाह एका विद्युतरासायनिक सेलमधून जायचा. उड्डाणाआधी त्या सेलमध्ये चांदीच्या इलेक्ट्रोडवर मोजून सिल्व्हर क्लोराइड तयार केलेलं असायचं. उड्डाणात प्रवाह ते परत उतरवत जायचा. सगळं संपलं की सेलचं व्होल्टेज एकदम उसळायचं आणि तीच इंजिन बंद करण्याची खूण असायची. ट्रान्झिस्टरही नव्हता तेव्हा, बेरीज करायला संगणक तर नव्हताच, म्हणून फॅरेडेच्या नियमाकडून बेरीज करून घेतली. गुलामांसारख्या राबवलेल्या कैद्यांच्या हातून बनलेलं ते अस्त्र होतं आणि लंडन, अँटवर्प या शहरांतली हजारो माणसं त्याने मारली, हेही सांगायला हवं.

अपोलो यानांत वीस-पंचवीस वर्षांनी हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला गेला. एमआयटीच्या प्रयोगशाळेने त्वरणमापकाच्या गुंडाळीत कमीजास्त प्रवाह सोडण्याऐवजी एकाच ठरावीक मापाच्या प्रवाहाचे ठोके द्यायचं ठरवलं, कधी सुलट, कधी उलट. यान स्थिर वेगात असेल तर दोन्हींची संख्या सारखी. त्वरण आलं की एका बाजूचे ठोके वाढतात आणि संगणकाने फक्त ते मोजायचे. कमांड मॉड्यूलमध्ये एक ठोका म्हणजे सेकंदाला ५.८५ सेंटिमीटर वेग, चंद्रावर उतरणाऱ्या यानात १ सेंटिमीटर. प्रवाह सतत वाहता ठेवण्याचा आणखी एक फायदा होता. गुंडाळीत तयार होणारी उष्णता बदलत नसे. आता प्रत्येक ठोक्याचं माप कोण पक्कं ठेवणार? त्यासाठी स्वतंत्र मॉड्यूल होतं, त्यात नाजूक व्होल्टेज रेफरन्स आणि त्याच्याशी प्रवाह ताडून पाहणारा अँप्लिफायर. चंद्रावर उतरताना कळलेला प्रत्येक सेंटिमीटर वेग त्या एका व्होल्टेजवर उभा होता.

आता हे व्होल्टेज येतं कुठून ते पाहू. मला यातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. निसर्गात न हलणारी व्होल्टेज आहेत, पण कुणाचाच आकडा पूर्ण नाही. इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत गेलेल्या एडवर्ड वेस्टन यांनी १८९३ साली कॅडमियम आणि पाऱ्याचा सेल तयार केला. काचेच्या दोन उभ्या नळ्या, मध्ये आडवी जोड. २० अंशांना तो सुमारे १.०१८६ व्होल्ट देतो. १९११ साली तो आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरला आणि कित्येक दशकं जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्यावर चालल्या. पण त्याच्यातून थोडाही प्रवाह ओढला किंवा त्याला हलवलं तर तो बिघडतो. रॉकेटमध्ये त्याला बसवणं शक्यच नव्हतं.

सिलिकॉनच्या झेनर डायोडने, म्हणजे उलट जोडल्यावर ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या डायोडने, वाट काढली. साधारण ५ व्होल्टच्या खालचे झेनर तापले की त्यांचं व्होल्टेज घटतं, त्याच्या बऱ्याच वरचे तापले की वाढतं. वाढणाऱ्यातला एक निवडायचा आणि त्याच्याबरोबर एक साधा डायोड सुलट जोडायचा, ज्याचं व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. चढ आणि उतार एकमेकांना मारतात आणि ६.२ व्होल्टच्या आसपास एक स्थिर जागा सापडते. १एन८२९ हा जुना प्रसिद्ध डायोड असाच आहे, दर अंशाला ५ पीपीएम. अट एकच, त्याच्यातून नेमका ७.५ मिलिअँपिअर प्रवाह गेला पाहिजे. म्हणजे पक्क्या व्होल्टेजसाठी पक्का प्रवाह हवा आणि पक्क्या प्रवाहासाठी पक्कं व्होल्टेज! यातून सुटका करायला डिझाइनरांनी झेनरचंच व्होल्टेज अँप्लिफायरने वाढवून, त्यातूनच रेझिस्टरमार्फत झेनरला प्रवाह पुरवला. सर्किट स्वतःला स्वतःच धरून ठेवतं. फक्त सुरू होताना ते शून्यावरच अडकून बसू नये म्हणून एक छोटी ढकलणी द्यावी लागते.

पुढे दोन फाटे फुटले. एक बँडगॅपचा. ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरचं व्होल्टेज तापल्यावर उतरतं, पण वेगवेगळ्या घनतेने प्रवाह वाहणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांमधला व्होल्टेजचा फरक तापमानाच्या सरळ प्रमाणात चढतो. दोन्हींची योग्य प्रमाणात बेरीज केली की सुमारे १.२ व्होल्ट मिळतात. हा आकडा सिलिकॉनच्या गुणधर्मातून येतो. बॉब विड्लर यांनी १९७१ साली आणि पॉल ब्रोकॉ यांनी १९७४ साली हे सर्किट चिपवर आणलं. आपल्या मोबाइलमध्ये, चार्जरमध्ये, ट्रान्समीटरमध्ये आज हाच रेफरन्स असतो. स्वस्त आहे, वीज थोडी खातो, सुरू झाल्याबरोबर कामाला लागतो.

दुसरा फाटा गाडलेल्या झेनरचा. साध्या झेनरमधलं विद्युत-विदारण सिलिकॉनच्या पृष्ठभागापाशी होतं आणि तिथली अशुद्धी त्याला हळूहळू हलवत राहते. ते पृष्ठभागाखाली नेलं की खोडसाळपणा थांबतो. बॉब डॉबकिन यांनी असा झेनर आणि त्याला गरम ठेवणारा हीटर एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर आणला. त्यांच्या एलएम३९९ मध्ये चिप ९० अंशांच्या आसपास तापवून ठेवलेली असते. बाहेर थंडी असो वा ऊन, आतलं हवामान बदलत नाही. त्यांचीच नंतरची एलटीझेड१००० ही चिप ७.२ व्होल्टच्या आसपास बसते आणि दर अंशाला ०.०५ पीपीएम इतकीच हलते. दोन वेगवेगळ्या चिप घेतल्या तर एक ७.१ आणि दुसरी ७.३ देईल, त्याने काही बिघडत नाही. माझ्या मते हा विषय समजण्याची किल्ली इथेच आहे. आकडा कुठला आहे याला महत्त्व नाही, तो उद्या तोच असेल का, याला आहे.

त्वरणमापकाचं कॅलिब्रेशन पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. त्याला टेबलावर उभा धरायचा, मग उलटा. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण तो एकदा अधिक आणि एकदा उणे दाखवतो. त्या ठिकाणच्या गुरुत्वत्वरणाची किंमत माहीत असली की त्वरणमापकाचं माप मिळतं, रेफरन्स किती व्होल्टचा आहे हे विचारावंही लागत नाही. गुरुत्वत्वरण मात्र गावागणिक बदलतं. उल्हासनगरच्या अक्षांशावर ते ९.७८६ च्या आसपास आणि तिरुवनंतपुरमला ९.७८१. हा ५०० पीपीएमचा फरक या कामात प्रचंड आहे. कॅलिब्रेशनच्या दिवशी मिळालेलं माप उड्डाणाच्या दिवशी तेच राहिलं पाहिजे, मधे महिने गेले असोत की वर्षं. क्षेपणास्त्र तर वर्षानुवर्षं बंद डब्यात पडून असतं आणि हुकूम आल्यावर त्याला थोड्या वेळात जागं व्हावं लागतं.

जगाच्या राजकारणालाही ही गोष्ट ठाऊक आहे. १९८७ साली प्रगत देशांनी क्षेपणास्त्रांचं तंत्रज्ञान पसरू नये म्हणून एमटीसीआर ही व्यवस्था उभारली. तिच्या आजच्या यादीत कोणता त्वरणमापक नियंत्रणाखाली येतो याची अट आहे: मापाची पुनरावृत्ती १२५० पीपीएमपेक्षा चांगली आणि शून्याची पुनरावृत्ती १२५० मायक्रो-जीपेक्षा चांगली. अचूकता किती, असं तिथे विचारलेलं नाही. पुन्हा मोजल्यावर तेच मिळतं का, हे विचारलं आहे. ‘पृथ्वी’ २५ फेब्रुवारी १९८८ रोजी आणि ‘अग्नी’ २२ मे १९८९ रोजी उडालं ते याच निर्बंधांच्या काळात. एमटीसीआरमध्ये भारताला प्रवेश मिळाला तो २०१६ साली. मधल्या काळात आपल्या अभियंत्यांनी जडत्वीय यंत्रणा स्वतः उभ्या केल्या, आणि त्या कामाची जेवढी जाहीर कदर व्हायला हवी तेवढी झालेली नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

या साखळीचं वरचं टोक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. १९६२ साली केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या बावीस वर्षांच्या ब्रायन जोसेफसन यांनी सांगितलं की दोन अतिवाहकांमधल्या पातळ थरावर सूक्ष्मलहरी टाकल्या की व्होल्टेज ठरावीक पायऱ्यांनीच मिळतं आणि पायरीची उंची फक्त लहरीच्या वारंवारितेवर ठरते. ७५ गिगाहर्ट्झला एक पायरी साधारण १५५ मायक्रोव्होल्टची. म्हणून १० व्होल्टसाठी एका चिपवर हजारो जोड लागतात आणि त्यांना द्रव हेलियमच्या थंडीत, उणे २६९ अंशांना ठेवावं लागतं. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा भार यांच्या किमती कायमच्या ठरवून टाकल्या, त्यामुळे व्होल्ट आता कुठल्याही वस्तूवर टेकलेला नाही. पण हेलियमचं पिंप घेऊन कुणी कारखान्यात जात नाही. तिथे जातो तापवलेला झेनर, बॅटरीवर चालू ठेवलेला, कारण वाटेत हीटर बंद पडून चिप गार झाली तर ती परत नेमक्या त्याच जागेवर येईल याची खात्री नसते. वरच्या प्रयोगशाळेतून मुंबईत चुनाभट्टीला असलेल्या आयडेमीसारख्या कॅलिब्रेशन करणाऱ्या संस्थांपर्यंत, तिथून एनएबीएल मान्यतेच्या छोट्या प्रयोगशाळांपर्यंत आणि शेवटी आनंदनगरच्या कारखान्यातल्या लूप कॅलिब्रेटरपर्यंत तो व्होल्ट असा पायरी पायरीने उतरतो.

आपल्या भागात त्याचा मोठा शत्रू पाऊस आहे. बदलापूर-अंबरनाथच्या जुलैमध्ये हवा आठवडेच्या आठवडे ओली राहते. स्वस्त रेफरन्स काळ्या प्लास्टिकच्या आवरणात येतात. ते प्लास्टिक ओल शोषतं, किंचित फुगतं आणि आतल्या सिलिकॉनला दाबतं. सिलिकॉनवरचा ताण बदलला की व्होल्टेज बदलतं, चांगलं दहा-वीस पीपीएमनेसुद्धा. सर्किटबोर्डही ओलीने आणि उष्णतेने वाकतो, म्हणून नाजूक सर्किटमध्ये रेफरन्सच्या तीन बाजूंनी बोर्डला खाचा कापतात, बोर्डचा ताण चिपपर्यंत पोहोचू नये म्हणून. मार्गदर्शन यंत्रणेत धातूच्या किंवा सिरॅमिकच्या हवाबंद डब्यातले भागच घेतले जातात. शिवाय ते बसवण्याआधी शेकडो तास चालू ठेवून मुरवतात, कारण नव्या चिपची हालचाल पहिल्या महिन्यांत सर्वांत जास्त असते.

छोट्या कारखान्यांसाठी यातून एक साधं काम निघतं. कॅलिब्रेशनचं नवं सर्टिफिकेट आलं की बहुतेक ठिकाणी जुनं रद्दीत जातं, कारण ऑडिटरला चालू वर्षाचंच हवं असतं. जुनी ठेवावीत. मीटर १० व्होल्टला दरवर्षी किती दाखवत होता ते एका कागदावर ओळीने लिहावं आणि कॅलिब्रेशन शक्य तो दरवर्षी एकाच महिन्यात करून घ्यावं, म्हणजे पावसाळ्याचा परिणाम आकड्यांत मिसळणार नाही. ९.९९७, ९.९९७, ९.९९७ असं सतत दाखवणारा मीटर कामाचा आहे, तीन मिलिव्होल्ट मिळवले की झालं. १०.०००, ९.९९८, १०.००३ असं दाखवणारा प्रत्येक वेळी पास झालेला असला तरी त्याच्या पोटातला रेफरन्स हलतो आहे, आणि त्याला रिअॅक्टरपासून दूर, बेंचवरच्या कच्च्या कामाला लावावं.